एक प्लगइन, राउटरच्या तीन पिढ्या: आवृत्ती विचारायची की क्षमता?

मुठाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कर्वे रस्त्यावरच्या आमच्या छोट्या कंपनीचं एक प्लगइन आहे. काम एकच: फॉर्म अर्धवट भरलेला असताना कुणी दुसऱ्या पानाकडे निघालं, तर त्याला थांबवून विचारायचं की भरलेली माहिती जाईल, चालेल का? ऐकायला किरकोळ वाटतं. पण रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवरच्या ताईंनी रुग्णाचं नाव, पत्ता, विम्याचा क्रमांक, नातेवाइकाचा फोन एवढं सगळं टाईप केलं आणि चुकून बाजूच्या मेनूवर क्लिक लागलं, तर रांगेतल्या आजारी माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून हे प्लगइन मला नीट सांभाळायचं आहे.

सध्या ते तीन ठिकाणी चालतं. नारायण पेठेतल्या एका पतसंस्थेचा कर्जअर्ज रिअॅक्ट राउटर ५ वर आहे (रिअॅक्ट राउटर म्हणजे रिअॅक्ट अॅपमध्ये पत्त्यानुसार पानं बदलणारी लायब्ररी) आणि त्याचं बिल्ड, म्हणजे फाईली एकत्र बांधण्याचं काम, वेबपॅक ४ करतं. कॅम्पातल्या एका रुग्णालयाची नोंदणी राउटर ६ वर आहे, पण जुन्या धाटणीच्या साध्या ब्राउझरराउटरवर. चाकणच्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचं व्हेंडर पोर्टल नवंकोरं आहे, राउटर ७ वर. "आधी राउटर बदला, मग आमचं प्लगइन घ्या" असं यांच्यापैकी कुणालाही सांगता येत नाही, आणि सांगूही नये. पतसंस्थेचं काम उत्तम चाललंय. आमच्या सोयीसाठी त्यांनी अख्खं अॅप का उचकटायचं?

माझं म्हणणं असं आहे की प्लगइननं "राउटर कितवा?" हा प्रश्न विचारूच नये. "तुला अडवता येतं का, आणि अडवलेल्याला नंतर पुढे सोडता येतं का?" एवढंच विचारावं. कारण आकड्यावरून क्षमता कळत नाही. चारवरून पाचवर जाताना वापरणाऱ्याचं काहीच मोडलं नव्हतं, आकडा मात्र बदलला. उलट ५.० मध्ये हुक (घटकातून राउटरची माहिती मिळवणारी "यूज" नावाची फंक्शनं) नाहीत, ते २०१९च्या सप्टेंबरात ५.१ मध्ये आले. म्हणजे "आम्ही पाचला चालतो" म्हणणारं हुकवालं प्लगइन ५.० वर पहिल्याच ओळीला कोसळतं. सहाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६.० आलं तेव्हा प्रॉम्प्ट (जाण्याआधी विचारणारा घटक) आणि अडवण्याची सोय दोन्ही काढून टाकलेली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ६.४ सोबत डेटा राउटर (पानाची माहिती आणणं-पाठवणंही सांभाळणारा नवा प्रकार) आला. त्यानंतर यूजब्लॉकर हा अडवणारा हुक आधी "अनस्टेबल" उपपदासकट आणि पुढे त्याशिवाय मिळाला, पण फक्त डेटा राउटरमध्येच. त्यामुळे सहाव्या आवृत्तीची, अगदी एकाच आकड्याची दोन अॅप घेतली तरी एकात अडवता येतं आणि दुसऱ्यात येत नाही. इथे आवृत्ती तपासून काय हाती लागणार?

मी काढलेली रचना अशी. प्लगइनचा गाभा राउटरचं नावही घेत नाही. कुठला फॉर्म मळलेला (बदललेला पण जतन न केलेला) आहे, कुणाला विचारायचं, डायलॉग कसा दाखवायचा, टॅब बंद करताना विचारण्यासाठी ब्राउझरचं बिफोरअनलोड कसं लावायचं, हे सगळं गाभ्यात. त्याला बाहेरून चारच गोष्टी लागतात: सध्याचा पत्ता, कुणी निघाल्याची खबर, अडवणं आणि सोडणं. प्रत्येक राउटरसाठी या चार गोष्टी पुरवणारी एक छोटी जोडणी वेगळ्या प्रवेशमार्गानं मिळेल. यजमान अॅप, म्हणजे ज्यात प्लगइन बसतं ते, आपल्याला हवी ती जोडणी आयात करेल.

तुम्ही असं काही सांभाळलं असेल तर यातल्या कच्च्या जागा दाखवा.

हिंजवडी_फेज_३

रचना चांगली आहे, पण मी वेगळ्या बाजूनं बोलते. आमच्याकडे ग्राहकांची अॅप वर्षानुवर्षं देखभालीत असतात. अशा ठिकाणी जुन्या राउटरचा ग्राहक नवीन काही मागतच नाही. त्याची लॉक फाईल (बसवलेल्या आवृत्त्यांची नोंद) गोठलेली असते आणि त्याला ती तशीच हवी असते. मग त्याच्यासाठी नव्या कोडमध्ये जोडणी कशाला जिवंत ठेवायची? प्लगइनची पहिली आवृत्ती राउटर ५ साठी, दुसरी सहासाठी, तिसरी सातसाठी. जुन्या शाखेवर फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. प्रत्येक शाखेतला कोड सरळ राहतो, वाचणाऱ्याला तीन राउटरांचा इतिहास डोक्यात घ्यावा लागत नाही.

जोडण्या लावल्या की हळूहळू गाभ्यात "हे पाचमध्ये नसतं म्हणून" अशा अटी शिरायला लागतात. हे मी बऱ्याच प्रकल्पांत पाहिलं आहे. चार गोष्टींच्या सहा होतात, सहाच्या दहा.

कात्रज_बायपास

मी शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध असेल तर समजून घ्या. एवढा त्रास करण्यापेक्षा प्लगइननं आपल्याला हवा तो राउटर स्वतःच्या बंडलमध्येच (एकत्र बांधलेल्या फाईलमध्येच) का घेऊ नये? यजमानाकडे पाच असेना का, आपल्याकडे आपला सात. दोघं आपापलं बघतील.

जुना_वाडा

@कात्रज_बायपास, प्रश्न बाळबोध नाही. कामाला लागलेले लोकही इथे अडकतात.

राउटरची माहिती रिअॅक्टच्या कॉन्टेक्स्टमधून खाली झिरपते. वरचा राउटर एक कॉन्टेक्स्ट वस्तू तयार करून तिच्यात सध्याचा पत्ता ठेवतो, आणि खालचा यूजलोकेशन हा हुक त्याच वस्तूतून वाचतो. "त्याच" या शब्दावर सगळं अवलंबून आहे. लायब्ररीची दुसरी प्रत आली की तिची कॉन्टेक्स्ट वस्तूही दुसरी. कोड अक्षर न् अक्षर सारखा असला तरी वस्तू वेगळी. मग प्लगइनमधला हुक आपल्या प्रतीच्या कॉन्टेक्स्टमध्ये पाहतो, तिथे काहीच नसतं, आणि तक्रार येते की हा हुक राउटरच्या आत वापरायला हवा. तुम्ही स्क्रीनवर पाहता तर तो आतच असतो. या एका संदेशानं किती जणांची संध्याकाळ खाल्ली असेल!

म्हणून राउटर हा डिपेंडन्सीत नाही, पिअर डिपेंडन्सीत लिहायचा, आणि बंडल करताना बाहेर ठेवायचा. पिअर याचा अर्थ "यजमानानं आणलेला तोच मी वापरेन, मला या या आवृत्त्या चालतात". पूर्वी एनपीएम, म्हणजे पॅकेज बसवणारं साधन, यावर फक्त कुरकुर करायचं. २०२०च्या ऑक्टोबरात आलेल्या एनपीएम ७ पासून पिअर आपोआप बसवले जातात आणि जुळलं नाही तर बसवणंच थांबतं. त्यामुळे तिथली आवृत्तीची कक्षा हा आता खरा करार झाला आहे. खोटं लिहाल तर यजमानाचं अॅप आज बसेल आणि उद्या चालताना पडेल.

धागाकर्त्यांनी म्हटलं ना, चारवरून पाचवर जाताना काही मोडलं नव्हतं? त्यामागेही हेच कारण आहे. पुढची आवृत्ती ४.४ व्हायची होती. तिच्यात आतून रिअॅक्टचा नवा कॉन्टेक्स्ट आला होता. पण आधीच्या रिअॅक्ट राउटर डॉमनं (ब्राउझरसाठीच्या पॅकेजनं) मूळ रिअॅक्ट राउटर कॅरेट लावून मागितला होता, म्हणजे त्याच पहिल्या आकड्याची नवी आवृत्तीही चालेल असं सांगून. कॅरेटमुळे डॉम जुना आणि आतला गाभा नवा अशी जोडी लोकांकडे बसू शकत होती, आणि दोघांचे कॉन्टेक्स्ट वेगळे. म्हणून मार्च २०१९ मध्ये तेच काम ५.० म्हणून बाहेर आलं. खुद्द राउटरवाल्यांना जे टाळण्यासाठी मोठा आकडा बदलावा लागला, ते आपल्याला प्लगइनमध्ये सहज जमेल असं समजू नये.

शंका आली की एनपीएम एलएस लावून राउटरच्या प्रती किती आहेत ते आधी पाहा. आणि एकच प्रत दिसली तरी तीच कॉमनजेएस आणि ईएसएम अशा (मॉड्यूलच्या जुन्या आणि नव्या) दोन रूपांत लोड होत नाही ना, हेही पाहा. चाचण्यांमध्ये हे फार होतं.

मुठाकाठ (धागाकर्ता)

@जुना_वाडा, मनापासून आभार. हे उत्तर वेगळं जपून ठेवण्यासारखं आहे.

@हिंजवडी_फेज_३ ताई, वेगळ्या शाखांचा विचार मीही केला होता. पण आमच्या दुरुस्त्या कुठे होतात ते पाहिलं, तर बहुतेक गाभ्यातच. फॉर्म जतन झाल्यावरही तो मळलेला समजला जाणं, डायलॉगवर कीबोर्डचा फोकस न जाणं, मराठी लिहिताना इनपुट मेथडचं शब्द जुळवणं अर्धवट असतानाच बदल मोजला जाणं. यातल्या एकाचाही राउटरशी संबंध नाही. तीन शाखा केल्या तर हीच दुरुस्ती तीनदा करायची, तीनदा तपासायची. आणि पतसंस्थेतल्या माणसाचा फॉर्मही तितकाच मोलाचा आहे. त्याला "तुमची शाखा गोठवली" असं सांगायला मला आवडणार नाही.

गाभ्यात अटी शिरतात हे मात्र अगदी खरं. त्यावर उपाय म्हणून आधी हे पाहिलं की तिन्ही राउटरांत अडवण्याचं वागणं नेमकं कुठे वेगळं होतं. ते इथे सविस्तर मांडतो, कारण खरी खाचखळग्यांची जागा हीच आहे.

ब्राउझरचं मागे बटण दाबलं की पॉपस्टेट घटना घडते, पण ती घडते तेव्हा पत्ता बदलून झालेला असतो. जावास्क्रिप्टला ती थांबवता येत नाही. त्यामुळे कुठल्याही राउटरचं "अडवणं" म्हणजे प्रत्यक्षात गेलेल्याला परत आणणं असतं. पाचमध्ये आतली हिस्टरी लायब्ररी चौथ्या आवृत्तीची. ती आधी विचारते, नकार मिळाला तर पत्ता मागे फिरवते. म्हणजे डायलॉग समोर असेपर्यंत पत्तापट्टीत जिकडे निघालो त्या मागच्या पानाचा पत्ता दिसत राहतो. डेटा राउटरमध्ये उलटं: आधी पत्ता परत आणला जातो, मग ब्लॉकर "ब्लॉक्ड" स्थितीत जातो, आणि प्रोसीड म्हटलं की पुन्हा जाणं घडतं. वापरणाऱ्याला दोन्हीकडे डायलॉगच दिसतो, पण डायलॉग उघडा असताना गाभ्यानं विंडो लोकेशन वाचलं तर दोन वेगळी उत्तरं मिळतात. म्हणून आमचा नियम: गाभा विंडो लोकेशनला हात लावणार नाही, पत्ता फक्त जोडणीकडून घेणार.

दुसरं, पाचमध्ये अडवणारं फंक्शन लगेच उत्तर मागतं. आपला डायलॉग तर वापरणारा बटण दाबेपर्यंत थांबतो. यातून वाट काढण्यासाठी ब्राउझरराउटरला गेट-यूजर-कन्फर्मेशन नावाचा प्रॉप आहे. त्यात संदेश आणि एक कॉलबॅक (उत्तर ठरल्यावर बोलवायचं फंक्शन) मिळतो, आणि तो कॉलबॅक सावकाश बोलावला तरी चालतो. त्यामुळे पाचच्या जोडणीत एक फंक्शन द्यावं लागतं, जे यजमानानं आपल्या राउटरला लावायचं. सहा-सातच्या जोडणीत हा प्रकारच नाही. जोडण्या लावण्याची रीत सारखी असलीच पाहिजे हा हट्ट सोडला तेव्हा कोड सुटसुटीत झाला.

तिसरी गोष्ट मात्र सगळीकडे सारखी निघाली. जुनी हिस्टरी एका वेळी एकच प्रॉम्प्ट मानते, आणि डेटा राउटरही एका वेळी एकच ब्लॉकर मानतो. एका पानावर दोन फॉर्म आले की दोघांनी आपापलं अडवायचं ठरवलं तर भांडण. म्हणून मळलेल्या फॉर्मांची यादी गाभ्याकडे राहते आणि राउटरकडे सगळ्यांच्या वतीनं एकच अडवणूक जाते. यासाठी कुठलीही अट लिहावी लागली नाही.

नळस्टॉप

वाचतोय, छान चाललंय. एक विचारतो: यजमानाला जोडणी निवडायला लावण्यापेक्षा प्लगइननंच ओळखलं तर? राउटरचं सगळं एकाच नावाखाली, नेमस्पेस म्हणून, आयात करायचं आणि यूजब्लॉकर आहे का, यूजहिस्टरी आहे का ते बघायचं. नाहीतर बसवताना पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्टनं आवृत्ती बघून योग्य फाईल जागेवर ठेवायची. वापरणाऱ्याला एकच ओळ लिहावी लागेल.

मुठाकाठ (धागाकर्ता)

@नळस्टॉप, मोह होण्यासारखंच आहे ते. पण पहिली आडकाठी पॅकेजच्या नावापासून सुरू होते. पाच आणि सहाची वेब अॅप रिअॅक्ट राउटर डॉममधून आयात करतात. सातमध्ये सगळं रिअॅक्ट राउटरमध्ये गेलं. डॉमचं पॅकेज जुन्या कोडसाठी तेच पुढे देत राहतं खरं, पण नव्या अॅपमध्ये ते बसवलेलंच नसतं. मग प्लगइनमध्ये त्याची साधी आयात असली तरी यजमानाचं बिल्ड "मॉड्यूल सापडत नाही" म्हणून थांबणार. नसलेल्या पॅकेजच्या आत डोकावून पाहता येत नाही.

नेमस्पेसमध्ये शोधण्याचीही अडचण आहे. बंडलर आयात-निर्यात बिल्डच्या वेळीच ताडून पाहतात, आणि नसलेलं नाव दिसलं की इशारा किंवा थेट चूक देतात. नाव चालताना जुळवून ते चकवता येतं, पण मग न वापरलेला कोड छाटणं बंद पडतं. एवढं करून यूजब्लॉकर सापडला तरी प्रश्न तसाच राहतो. साध्या ब्राउझरराउटरखालीही तो निर्यातीत दिसतोच, वापरला की मग चूक फेकतो.

पोस्टइन्स्टॉलचं म्हणाल तर पीएनपीएम या एनपीएमसारख्याच साधनानं दहाव्या आवृत्तीपासून डिपेंडन्सींच्या अशा स्क्रिप्ट मुळात चालवणंच बंद केलंय, यजमानानं परवानगी दिल्याशिवाय. सुरक्षेच्या दृष्टीनं योग्यच आहे ते.

त्यापेक्षा मोठ्या प्रकल्पांनी काय केलंय ते पाहा. सेंट्री या अॅपमधल्या चुका टिपणाऱ्या सेवेच्या रिअॅक्ट एसडीकेमध्ये राउटरच्या प्रत्येक पिढीसाठी वेगळ्या नावाचं फंक्शन आहे. सहासाठीचं फंक्शन तर यूजइफेक्ट, यूजलोकेशन, यूजनॅव्हिगेशनटाइप, क्रिएटरूट्सफ्रॉमचिल्ड्रन आणि मॅचरूट्स ही पाचही साधनं यजमानाकडून हातात मागून घेतं. स्वतः राउटर आयातच करत नाही, त्यामुळे दोन प्रतींचा प्रश्नच उरत नाही. पत्त्यातले क्वेरी घटक सांभाळणारी एनयूक्यूएस ही लायब्ररी राउटर ६ आणि ७ साठी वेगवेगळे प्रवेशमार्ग देते. दोन्हीकडे यजमान स्वतःच्या तोंडानं सांगतो की माझ्याकडे काय आहे. ती एक जास्तीची ओळ वाचणाऱ्यालाही उपयोगी पडते.

चकली_भाजणी

मी व्ह्यूच्या, म्हणजे रिअॅक्टसारख्याच दुसऱ्या फ्रेमवर्कच्या, बाजूनं लिहिते. आमच्याकडे हे दुखणं दुहेरी आहे, कारण राउटर ३ व्ह्यू २ सोबत आणि राउटर ४ व्ह्यू ३ सोबत जातो. राउटर बदलला म्हणजे खालची जमीनही बदलली. व्ह्यू २चा अधिकृत आधार ३१ डिसेंबर २०२३ ला संपला, पण कोथरूडातल्या आमच्या शाळांच्या प्रवेशाच्या अॅपमध्ये तो अजून आहे आणि रोज वापरला जातो.

तुमच्या "क्षमता विचारा" या म्हणण्याला इथे पुष्टी मिळते. मार्गावरच्या पहारेकरी फंक्शनला राउटर ३ मध्ये नेक्स्ट (पुढे जाऊ द्यायचं की नाही ते सांगणारा कॉलबॅक) बोलावावाच लागतो. राउटर ४ मध्ये नुसतं खरं-खोटं परत केलं तरी चालतं. अनेक जण यासाठी दोन फंक्शनं लिहितात. गरज नाही! राउटर ४ त्या फंक्शनचे पॅरामीटर मोजतो. तिसरा पॅरामीटर घोषित असेल तर तो जुन्या रीतीनं नेक्स्टची वाट पाहतो. म्हणजे जुनी रीत दोन्हीकडे चालते आणि जोडणी एकच पुरते. फक्त कुणी नीटनेटकेपणासाठी त्या तीन पॅरामीटरांचं गुंडाळून अनेक-मूल्यांचा एकच पॅरामीटर करू नये. मोजणी शून्य भरते, आणि राउटर ४ला वाटतं की नेक्स्ट नकोय.

जिथे खरंच फरक आहे तिथे मात्र तो मान्य करावा लागतो. राउटरवरचा करंटराउट तीनमध्ये साधी वस्तू होती, चारमध्ये तो रेफ झाला, त्याची व्हॅल्यू वाचावी लागते. ऑनरेडीच्या जागी ईझरेडी आला, तो प्रॉमिस (नंतर पूर्ण होणारं उत्तर) देतो. सगळं पकडायचा तारांकित मार्ग गेला, त्याजागी नाव दिलेला पॅरामीटर रेग्युलर एक्स्प्रेशनसकट लिहावा लागतो. घटकाच्या आतून राउट वाचलं तर दोन्हीकडे सारखंच मिळतं, म्हणून आम्ही प्लगइनमध्ये शक्य तिथे आतूनच वाचतो.

व्ह्यू-डेमी (एकच कोड व्ह्यू २ आणि ३ दोन्हीवर चालवणारं साधन) चांगलं आहे, पण तेही पोस्टइन्स्टॉलवर चालतं, आणि ते व्ह्यूमधला फरक झाकतं, राउटरमधला नाही. ही गल्लत मी नव्या मुलांमध्ये पुष्कळदा पाहते.

हिंजवडी_फेज_३

@मुठाकाठ, दुरुस्त्या गाभ्यात होतात हा मुद्दा पटला. शाखा वेगळ्या करायला तेव्हाच अर्थ आहे जेव्हा राउटर बदलल्यानं प्लगइनचं काम बदलतं. तुमच्याकडे काम तेच आहे, दार वेगळं. तेव्हा जोडण्या ठीक.

आता वापरातल्या दोन अडचणी सांगते, त्या आधीच बांधून घ्या.

वेगळे प्रवेशमार्ग तुम्ही पॅकेजच्या एक्स्पोर्ट्स रकान्यातून देणार. तुमची पतसंस्था वेबपॅक ४ वर आहे. वेबपॅक ४ला तो रकाना कळतच नाही! तो थेट फोल्डर शोधतो. म्हणजे जिला जुनी जोडणी सगळ्यात जास्त हवी, तिलाच ती सापडणार नाही. उपाय सोपा आहे: पॅकेजच्या मुळाशी जोडणीच्या नावाचा खराखुरा फोल्डर ठेवायचा आणि त्यात छोटी पॅकेज फाईल ठेवून मुख्य फाईल दाखवायची. टाइपस्क्रिप्टची जुनी मॉड्यूल शोधण्याची रीतही यामुळे सुखी होते. आणि तो कोड जुन्या वाक्यरचनेत उतरवूनच पाठवा. ऑप्शनल चेनिंगसारखी नवी वाक्यरचना दिसली तरी वेबपॅक ४चा पार्सर अडखळतो.

दुसरं, टाइप. राउटर ५चे टाइप वेगळ्या टाइप्स पॅकेजमधून येतात, सहापासून ते लायब्ररीतच आहेत. तुमच्या गाभ्याच्या टाइप फाईलमध्ये राउटरचा एकही टाइप आयात झाला, तर एका पिढीचा ग्राहक हमखास लाल रेघा बघत बसेल. पत्त्यासाठी स्वतःचा छोटा टाइप लिहा: पाथनेम, सर्च, हॅश, स्टेट. तुम्हाला त्यापलीकडे काही लागतही नाही.

चाचण्यांचं काय करता? एकाच फोल्डरमध्ये एनपीएमच्या टोपणनावांनी तिन्ही राउटर बसवता येतात, पण सातला रिअॅक्ट १८ आणि नोड २० लागतो. पतसंस्थेकडे रिअॅक्ट कितवा?

मुठाकाठ (धागाकर्ता)

ताई, वेबपॅक ४चा मुद्दा लाखमोलाचा. फोल्डर आजच घालतो.

पतसंस्थेकडे रिअॅक्ट १६ आहे. म्हणून टोपणनावांचा विचार सोडला. प्रत्येक यजमानासाठी एक छोटं नमुना अॅप आहे, स्वतःच्या लॉक फाईलसकट, खऱ्या ग्राहकासारखं: पाच आणि रिअॅक्ट १६, सहा आणि रिअॅक्ट १८, सात आणि रिअॅक्ट १९. प्लगइनचं पॅकेज बांधून, खरोखर प्रकाशित झाल्यासारखं त्यात बसवायचं आणि ब्राउझरमध्ये त्याच चाचण्या चालवायच्या. लिंकनं जोडायचं नाही. लिंकनं जोडलं की प्लगइनच्या फोल्डरमधला राउटर आत डोकावतो आणि दोन प्रती होतात. मागे बटण, पुढे बटण, दोनदा पटकन मागे, डायलॉग उघडा असताना पुन्हा मागे, हे खऱ्या ब्राउझरशिवाय पकडता येत नाही.

आता अडलंय ते रुग्णालयाकडे. त्यांचा साधा ब्राउझरराउटर आहे, ६.३ वर. तिथे सध्या प्लगइन अनसेफ-नॅव्हिगेशन-कॉन्टेक्स्ट या राउटरच्या आतल्या भागातून नॅव्हिगेटर काढून त्याचा ब्लॉक वापरतं. ६.०च्या काळात सगळ्यांकडे हाच तोडगा फिरत होता. पण ६.४ पासून त्या नॅव्हिगेटरमध्ये ब्लॉक नाही. त्यांनी किरकोळ आकडा वाढवला तरी अडवणं बंद पडेल. अशा ठिकाणी प्लगइननं काय करावं? माझं उत्तर: अडवता येत नसेल तर जोडणीनं सुरुवातीलाच मोठ्यानं चूक फेकावी. नुसतं बिफोरअनलोड लावून "संरक्षण आहे" असं भासवू नये. टॅब बंद करताना अडेल, पण मेनूवरचं क्लिक अडणार नाही, आणि ताईंचा फॉर्म जातो तो मेनूवरच्या क्लिकनंच. पण नुसती चूक फेकून त्यांचा प्रश्न सुटत नाही.

जुना_वाडा

त्यांचे सगळे मार्ग नव्यानं लिहायची गरज नाही. राउटर सहाच्या शेवटच्या मालिकेवर न्या आणि बाहेर फक्त डेटा राउटरचं कवच घाला. क्रिएटब्राउझरराउटरला एकच मार्ग द्यायचा, तारांकित, आणि त्याचा घटक म्हणजे त्यांचं आजचं अॅप. ब्राउझरराउटर काढून तिथे राउटरप्रोव्हायडर. आतले सगळे जुने राउट्स जसेच्या तसे चालतात. आणि आता वर डेटा राउटर असल्यानं यूजब्लॉकर काम करतो. राउटरच्या दस्तऐवजांतही टप्प्याटप्प्यानं सरकण्याची हीच वाट दिली आहे.

अॅप उपमार्गावर चालत असेल तर बेसनेम आता क्रिएटब्राउझरराउटरला द्यावा लागेल, हे विसरू नका. आणि आतल्या जुन्या राउट्सना लोडर किंवा अॅक्शन (माहिती आणणारी आणि पाठवणारी फंक्शनं) लावता येणार नाहीत. ते ज्या मार्गाला हवे असतील तो मार्ग आतून उचलून बाहेरच्या यादीत आणायचा, एकेक करून, सवडीनं.

कात्रज_बायपास

सगळं दोनदा वाचलं. मग शेवटी पिअर डिपेंडन्सीत नेमकं काय लिहिणार? "पाचपासून पुढे सगळं" असं लिहिलं तर आठ आल्यावर पुन्हा बदलावं लागणार नाही ना?

मुठाकाठ (धागाकर्ता)

@जुना_वाडा, ही वाट उत्तम आहे. रुग्णालयाच्या अॅपच्या प्रतीवर करून पाहिली. नोंदणीचा फॉर्म अर्धवट ठेवून मेनूवर क्लिक केलं, मागे बटण दाबलं, दोन्हीकडे डायलॉग आला. बेसनेम खरंच हलवावा लागला. आता अनसेफवाली जोडणी मी पॅकेजमधून काढतोय.

@कात्रज_बायपास, वरची सीमा उघडी ठेवायची नाही. अजून न आलेल्या आठला आपण चालतो असं आज कशाच्या आधारावर लिहायचं? दोन्ही पॅकेजं पिअरमध्ये, पण पिअरच्या मेटा रकान्यात ऐच्छिक म्हणून, कारण ग्राहकाकडे दोन्हीपैकी एकच नाव असू शकतं. डॉमसाठी ५.१ पासून पाचची मालिका, सहामध्ये ६.३० पासून पुढे, आणि डॉमच नाव ठेवून सातवर गेलेल्यांसाठी सात. मूळ रिअॅक्ट राउटरसाठी फक्त सात. मध्ये सोडलेल्या सहाच्या जुन्या आवृत्त्या जाणूनबुजून सोडल्या आहेत, कारण तिथे आम्ही नमुना अॅप चालवत नाही. नमुना अॅप नाही ती आवृत्ती यादीत नाही, हा नियम वाचा फाईलमध्येही लिहिलाय. नवी जोडणी आली तर प्लगइनचा मधला आकडा वाढेल. जोडणी काढली तर पहिला आकडा वाढेल, आणि काढण्याआधी एक आवृत्ती कन्सोलवर इशारा देत राहील.

पाचची जोडणी पतसंस्था वापरते आहे तोवर राहील. नमुना अॅप आणि फोल्डर दोन्ही रिपॉझिटरीत चढवलेत. @चकली_भाजणी, व्ह्यूची जोडणी तुम्ही लिहिणार असाल तर गाभ्याची चार फंक्शनं मी आधी तुमच्या डोळ्याखालून घालतो. नेक्स्टवाल्या पहारेकऱ्यासाठी "सोडणं" कॉलबॅकनं द्यावं की प्रॉमिसनं, ते अजून ठरवलेलं नाही.

चकली_भाजणी

कॉलबॅकनं द्या. नेक्स्ट तसाच हातात देता येईल, आणि रिअॅक्ट राउटर पाचच्या त्या कन्फर्मेशनमध्येही कॉलबॅकच आहे. ज्याला प्रॉमिस हवं तो जोडणीत गुंडाळून घेईल. शनिवारी बसून राउटर ३ची जोडणी लिहिते, चारसाठी तीच चालते का ते त्याच चाचण्यांवर पाहू.